जोडताना नाव बदलते तेव्हा

१. सगळे बरोबर, तरी बिघाड

देवगड-जामसंड्याची जी मुले संगणक शिकायला पुण्या-मुंबईकडे जातात, त्यांना कधी ना कधी हे कोडे पडतेच. प्रोग्राम दहा-बारा फाइलींत लिहिलेला असतो. प्रत्येक फाइल तपासलेली असते, चूक सापडत नाही, प्रोग्राम छान चालतो. मग कोणीतरी सुचवते, ‘एलटीओ लावून बघ, आणखी जलद चालेल.’ लावून बघतात, तर प्रोग्राम सुरूच होत नाही. लिहिलेली एक ओळही बदललेली नाही. मग बिघडले काय?

याच कोड्याने लिनक्स कर्नेल लिहिणाऱ्यांना वर्षानुवर्षे छळले आहे. कर्नेल म्हणजे संगणकाचा किंवा फोनचा गाभा. प्रोसेसर, मेमरी, कॅमेरा, स्पीकर यांच्याशी थेट बोलणारा आणि बाकीच्या सगळ्या ॲपना त्यांचा वाटा देणारा. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सची सुरुवात केली, आणि आज त्यात तीन कोटींहून अधिक ओळी आहेत. देवगड बंदरातून होडी बाहेर काढताना तांडेलाच्या खिशात अँड्रॉइड फोन असेल, तर त्या फोनच्या तळाशी हाच कर्नेल असतो. त्याला एलटीओ लावताना जे अडले, ते बहुतेक वेळा एकाच जागी अडले: सी भाषेच्या मजकुरात मधेच पेरलेली असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरच्याच बोलीतला मजकूर. या प्रकरणात ती गाठ कशी पडते आणि कशी सोडवली, ते पाहू.

२. कंपायलर एकेक फाइल पाहतो

माणूस सी भाषेत लिहितो. प्रोसेसरला सी कळत नाही, त्याला फक्त स्वतःच्या आज्ञांचे आकडे कळतात. मधला अनुवाद कंपायलर करतो. लिनक्ससाठी मुख्यतः दोन कंपायलर वापरतात. एक जीसीसी, रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये लोकांपुढे आणलेला. दुसरा क्लँग, एलएलव्हीएम नावाच्या नव्या घराण्यातला.

कंपायलर एका वेळी एकच फाइल घेतो आणि तिची ऑब्जेक्ट फाइल करतो. अशा हजारो ऑब्जेक्ट फाइली तयार झाल्या की लिंकर त्या एकत्र जोडतो. एका फाइलीतले फंक्शन दुसरीने हाक मारून बोलावले असेल, तर लिंकर नाव जुळवून पत्ता भरतो.

देवगडच्या वाचकाला हे आंब्याच्या धंद्यावरून चटकन समजेल. प्रत्येक बागायतदार आपल्या मांगरात आपल्याच आंब्यांची प्रतवारी करतो आणि पेट्या भरतो. रस्त्यावर टेम्पो येतो, पेट्या चढतात, वाशीला जातात. टेम्पोवाला पेटी उघडत नाही, फक्त वरचे नाव वाचून रचतो. मांगर म्हणजे कंपायलर, बंद पेटी म्हणजे ऑब्जेक्ट फाइल आणि टेम्पोवाला म्हणजे लिंकर.

या व्यवस्थेतली एक सोय पुढे महत्त्वाची ठरणार आहे. बागेतल्या राशींना घरगुती नावे असतात: कातळावरची रास, विहिरीकडची रास. विहीर प्रत्येकाच्या बागेत असते, म्हणून ‘विहिरीकडची रास’ही प्रत्येक मांगरात असते. त्याने कोणाचे काही बिघडत नाही, कारण ते नाव त्या मांगराच्या भिंतीआतच वापरायचे असते. सी भाषेतही अशी फाइलपुरती नावे ठेवता येतात, त्यांना ‘स्टॅटिक’ म्हणतात. एका फाइलीतले स्टॅटिक ‘सुरुवात’ आणि दुसरीतले स्टॅटिक ‘सुरुवात’ यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. कर्नेलमधली बहुसंख्य फंक्शने अशी फाइलपुरतीच असतात, आणि तेच योग्य आहे.

३. सगळ्यांचे आंबे एकाच मांगरात

एकेक फाइल पाहण्याचा तोटा उघड आहे. एका फाइलीतले छोटे फंक्शन दुसऱ्या फाइलीत शंभरदा बोलावले जात असेल, तर ते तिथल्या तिथे उलगडून टाकले तर वेळ वाचला असता. पण कंपायलरला ते दिसतच नाही. एखादे फंक्शन कोणीच बोलावत नसेल तर टाकून देता आले असते, पण दुसऱ्या फाइलीत कोणी बोलावले असले तर? म्हणून ठेवावे लागते.

लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन, म्हणजे एलटीओ, यावरचा उपाय आहे. त्यात कंपायलर ऑब्जेक्ट फाइलीत शेवटच्या आज्ञा न ठेवता आपले अर्धवट टिपण ठेवतो. जोडायच्या वेळी ती सगळी टिपणे एकत्र येतात, आणि मग साऱ्या प्रोग्रामकडे एका नजरेने पाहून काय ठेवायचे, काय गाळायचे, काय कशात मिसळायचे ते ठरते. आंबे पेटीत न भरता सगळ्या बागांच्या राशी एकाच मोठ्या मांगरात आणायच्या आणि तिथे एकत्र प्रतवारी करायची, तसे. जीसीसीमध्ये ही सोय एप्रिल २०१० च्या ४.५ आवृत्तीत आली.

एकाच मांगरात दोन ‘विहिरीकडच्या राशी’ आल्या तर मुकादम काय करेल? एकीच्या नावापुढे खूण लावेल. कंपायलरही तेच करतो. दोन फाइलींत एकाच नावाची स्टॅटिक फंक्शने असतील, तर तो एकाच्या नावाला शेपूट जोडतो. जिथे जिथे त्या फंक्शनचा उल्लेख आहे तिथे तिथे नवे नाव घालतो, कारण ते सगळे उल्लेख त्याला दिसतात.

फक्त एक जागा सोडून.

४. बंद पाकीट

कर्नेलला असेंब्ली कशाला लागते? कारण प्रोसेसरच्या काही आज्ञांना सी भाषेत शब्दच नाही. थोडा वेळ बाहेरून येणारे व्यत्यय बंद ठेव, प्रोसेसरच्या आतले घड्याळ वाच, मेमरीतले हे लिहिणे पूर्ण झाल्याशिवाय पुढचे लिहू नकोस. अशा आज्ञा प्रोसेसरच्याच बोलीत लिहाव्या लागतात. त्यासाठी वेगळी फाइल करण्याऐवजी सीच्या मजकुरातच एका चौकटीत असेंब्ली लिहिण्याची मुभा कंपायलर देतो. हीच इनलाइन असेंब्ली.

ती दोन जागी लिहिता येते. फंक्शनच्या आत लिहिली, तर मजकुरासोबत एक यादीही देता येते: आत काय जाते, बाहेर काय येते, काय विस्कटते. मजकुरात ‘विहिरीकडची’ असे अक्षरशः लिहिण्याऐवजी ‘यादीतला दुसरा’ असे लिहायचे, आणि यादीत त्या फंक्शनचे नाव द्यायचे. यादी कंपायलर वाचतो, त्यामुळे नाव बदलले तरी बिनघोर.

फंक्शनच्या बाहेर, फाइलीच्या मोकळ्या पातळीवर, मात्र सी भाषेत अनेक वर्षे नुसता मजकूरच देता येत होता, यादी नाही. तो मजकूर म्हणजे मांगरात आलेले बंद पाकीट. त्यावर लिहिले आहे, ‘असेच पुढे पाठवा.’ जीसीसी आतला मजकूर वाचत नाही. तो असेंबलर नावाच्या पुढच्या प्रोग्रामच्या हाती जसाच्या तसा देतो. एलएलव्हीएमचा असेंबलर घरचाच असल्याने तो पाकिटातली नावे पाहू शकतो, पण आतला मजकूर बदलून लिहीत नाही.

फंक्शनच्या आतल्या असेंब्लीचा मजकूरही असे बंद पाकीटच असतो; कंपायलर वाचतो ती फक्त सोबतची यादी. याचा परिणाम आणखी एका ठिकाणी दिसतो. फंक्शन लहान की मोठे हे ठरवताना जीसीसी असेंब्लीचे वजन चक्क तिच्या ओळी मोजून धरतो. कर्नेलमधल्या काही चौकटींत ओळी खूप असतात, पण त्यातल्या बहुतेक नोंदी दुसऱ्याच कप्प्यात जातात आणि जागेवर एखादीच आज्ञा उरते. कंपायलरला ते फंक्शन जड वाटे आणि तो ते उलगडत नसे. जीसीसीच्या २०१९ मधल्या ९ व्या आवृत्तीत ‘हे पाकीट हलके समज’ असे सांगणारा शब्दप्रयोग आला, तेव्हा कुठे हे सुटले.

५. एक उदाहरण सोडवू

कर्नेल सुरू होताना त्याच्याकडे एक लांब यादी असते. आधी हे फंक्शन चालव, मग ते, मग ते. मेमरी तयार करणारे, पडदा उजळवणारे, आवाजाची चिप जागी करणारे, असे प्रत्येक खात्याचे एक सुरुवातीचे फंक्शन या यादीत असते. या नोंदींना इनिटकॉल म्हणतात.

पूर्वी ६४-बिटी प्रोसेसरवर प्रत्येक नोंदीत फंक्शनचा पूर्ण पत्ता असे, म्हणजे ८ बाइट. २०१८ मध्ये कर्नेलच्या ४.१९ आवृत्तीत काही प्रोसेसरांसाठी ही नोंद ४ बाइटांची झाली. पूर्ण पत्त्याऐवजी ‘या नोंदीपासून ते फंक्शन किती लांब आहे’ एवढे अंतर लिहिले की पुरते. जागा निम्मी झाली, आणि कर्नेल मेमरीत कुठेही बसला तरी अंतर तेच राहत असल्याने सुरू होताना पत्ते दुरुस्त करण्याचे कामही गेले. पण ‘इथून तिथपर्यंतचे अंतर, चार बाइटांत’ हे सी भाषेच्या स्थिर नोंदीत लिहिता येत नाही. असेंब्लीत सहज येते. म्हणून ही नोंद फाइलीच्या मोकळ्या पातळीवरच्या असेंब्लीत गेली. म्हणजे बंद पाकिटात.

आता दोन फाइली घ्या. ‘पडदा’ फाइलीत ‘सुरुवात’ नावाचे स्टॅटिक फंक्शन आहे. ‘आवाज’ फाइलीतही ‘सुरुवात’ नावाचे स्टॅटिक फंक्शन आहे. दोन्हींच्या पाकिटांत एकच ओळ: ‘सुरुवातपर्यंतचे अंतर इथे लिही.’

एलटीओशिवाय पहिल्या मांगरात पहिले पाकीट उघडले जाते, तिथली ‘सुरुवात’ सापडते. दुसऱ्या मांगरात दुसरी सापडते. सगळे सुरळीत.

एलटीओ लावल्यावर दोन्ही एकाच मांगरात येतात. पडद्याची ‘सुरुवात’ तशीच राहते, आवाजाची ‘सुरुवात.१’ होते. पाकिटांत मात्र दोन्हीकडे ‘सुरुवात’च. असेंबलर प्रामाणिकपणे दोन्ही नोंदींत पडद्याचेच अंतर भरतो. फोन सुरू होतो तेव्हा पडदा दोनदा जागा होतो आणि आवाज एकदाही नाही. चूक दाखवणारा संदेशही येत नाही. दोन्हींची नावे बदलली असती तर निदान ‘सुरुवात सापडत नाही’ म्हणून जोडणी थांबली असती, आणि ते कितीतरी बरे.

यातली चूक कोणाची? फाइली लिहिणाऱ्यांनी नियमातच लिहिले. कंपायलरने नियमातच नाव बदलले. पाकिटात काय आहे हे कंपायलरला कोणीच सांगितले नव्हते, आणि सांगायची सोयही नव्हती. पाकिटातली गोष्ट बाहेर कशी सांगायची, हाच या साऱ्या कामाचा गाभा आहे.

६. मधला निरोप्या

गूगलमधले सामी टोल्वानेन यांनी क्लँगच्या एलटीओसाठी काढलेली युक्ती मला फार आवडते, कारण ती कंपायलरला हात लावत नाही. प्रत्येक इनिटकॉलसाठी त्यांनी एक छोटे मध्यस्थ फंक्शन घातले. त्याचे काम एकच: खऱ्या ‘सुरुवात’ला बोलावणे. हे मध्यस्थ स्टॅटिक नाही, सार्वजनिक आहे, त्यामुळे कंपायलर त्याचे नाव बदलत नाही. पाकिटात आता मध्यस्थाचे नाव असते. मध्यस्थ खऱ्या फंक्शनला बोलावतो ते साध्या सी भाषेत, कंपायलरच्या नजरेसमोर. तिथे नाव बदलले तर कंपायलर स्वतःच दुरुस्त करतो.

मध्यस्थाचे नाव सार्वजनिक असल्याने ते साऱ्या कर्नेलमध्ये एकमेव असायला हवे. म्हणून ते नाव आपोआप घडवले जाते. त्यात मॉड्यूलचे नाव, एक चढता क्रमांक, ओळीचा क्रमांक, मूळ फंक्शनचे नाव आणि कर्नेल सुरू होताना ते कोणत्या पायरीवर चालवायचे ती पायरी असे सगळे गुंफलेले असते. वाचायला विचित्र, पण गल्लत होणे अवघड. पीसीआय उपकरणांच्या खोड्या दुरुस्त करणाऱ्या नोंदींतही हाच आजार होता आणि हेच औषध लागू पडले.

क्रमाचा प्रश्न वेगळा होता. एका पायरीवरच्या इनिटकॉलचा आपसातला क्रम फाइली कोणत्या क्रमाने जोडल्या यावर ठरतो, आणि काही फाइली त्या क्रमावर विसंबून असतात. एलटीओत सगळे एकत्र कालवले की तो क्रम राहीलच याची हमी नाही. यासाठी पर्ल भाषेतली एक छोटी स्क्रिप्ट लिहिली गेली. ती मूळ क्रम वाचून लिंकरला लेखी हुकूम देते: आधी ही नोंद, मग ती.

हे सगळे २०२१ च्या एप्रिलमध्ये आलेल्या लिनक्स ५.१२ मध्ये अधिकृतपणे दाखल झाले. गूगलने त्याआधीच, २०१८ मध्ये, पिक्सेल ३ फोन एलटीओ लावलेल्या कर्नेलसह बाजारात आणला होता. त्यांना वेगापेक्षा सुरक्षा हवी होती. फंक्शनचा पत्ता बदलून फोनला भलतीकडे उडी मारायला लावणे हा हल्लेखोरांचा जुना मार्ग. तो अडवणारी जी तपासणी क्लँगमध्ये होती, तिला साऱ्या कर्नेलमधली फंक्शने एकत्र दिसावी लागत, म्हणजे एलटीओ लागेच.

७. जास्त दिसते, म्हणून जास्त धोका

नावांखेरीज एक सूक्ष्म संकट एआरएम प्रोसेसरवर दिसले. फोनमधले बहुतेक प्रोसेसर याच घराण्यातले.

मेमरीतून एक पत्ता वाचला आणि मग त्या पत्त्यावरची वस्तू वाचली, तर प्रोसेसर हा क्रम पाळतो. त्याला पाळावाच लागतो, पत्ता कळल्याशिवाय वस्तू कुठली? कर्नेलमधला बराच कोड या आपसूक मिळणाऱ्या शिस्तीवर उभा आहे. पण एलटीओमुळे कंपायलरला साऱ्या फाइली दिसतात, आणि त्याच्या लक्षात येऊ शकते की हा पत्ता दोनच ठिकाणचा असू शकतो. मग तो ‘पत्ता वाच, तिथे जा’ याऐवजी ‘पहिला असेल तर ही वस्तू, नाहीतर ती’ असे लिहू शकतो. हिशेब तोच. पण आता वस्तूचा पत्ता आधीपासून माहीत असतो, आणि प्रोसेसर अंदाजाने ती आधीच वाचून ठेवू शकतो. शिस्त मोडली.

विल डीकन यांनी २०२० च्या अखेरीस यावर उपाय केला. एलटीओ लावलेला असेल तेव्हा ६४-बिटी एआरएमवर असे वाचन इनलाइन असेंब्लीतल्या अधिक कडक आज्ञेने करायचे, जिच्यानंतरचे वाचन प्रोसेसर पुढे ओढू शकत नाही. थोडा वेग गेला, खात्री मिळाली. माझ्या मते हा सौदा योग्यच होता. असा बिघाड क्वचितच होतो, आणि म्हणूनच तो शोधणे फार अवघड जाते.

८. पवईतले काम

साऱ्या प्रोग्रामकडे एका नजरेने पाहण्याचा अभ्यास महाराष्ट्रातही गांभीर्याने झाला आहे. आयआयटी मुंबईत उदय खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीसीसी रिसोर्स सेंटर चालवले. जीसीसी हा लाखो ओळींचा, बाहेरच्याला धाप लागेल असा प्रोग्राम. त्याची अंतर्रचना पायरीपायरीने समजावणाऱ्या कार्यशाळा त्यांनी पवईला घेतल्या.

खेडकर, केंब्रिजचे ॲलन मायक्रॉफ्ट आणि प्रशांत सिंह रावत यांचा २०१२ मधला एक शोधनिबंध थेट आपल्या विषयाशेजारी येतो. प्रश्न असा: प्रोग्राममधला कोणता पॉइंटर, म्हणजे पत्ता धरून ठेवणारा चल, कुठल्या कुठल्या वस्तूंकडे बोट दाखवू शकतो? सगळ्या पॉइंटरांचा सगळीकडचा हिशेब ठेवू गेले तर तो हाताबाहेर जातो. त्यांचा विचार असा की ज्या पॉइंटरचा पुढे वापर होणार आहे, त्याचाच हिशेब ठेवावा. हे त्यांनी जीसीसी ४.६ मध्ये करून दाखवले, आणि तेही एलटीओच्या चौकटीत. कारण एकेका फाइलीत असे उत्तर मिळूच शकत नाही.

अशा विश्लेषणालाही बंद पाकीट आडवे येते. असेंब्लीच्या यादीत ‘मेमरी विस्कटते’ असे लिहिले असेल, तर विश्लेषकाला धरून चालावे लागते की बाहेरून पोहोचता येईल अशी कुठलीही वस्तू बदलली असेल. तिथवर जमवलेले बरेच ज्ञान त्या एका शब्दाने पुसले जाते.

९. जीसीसीची अडलेली वाट

क्लँगचे जमले, जीसीसीचे मात्र लांबले. अँडी क्लीन यांनी २०१२ मध्येच जीसीसी-एलटीओसाठी बदलांचा मोठा संच मांडला होता. जिरी स्लाबी यांनी तो नोव्हेंबर २०२२ मध्ये नव्याने पुढे केला, ४६ बदलांचा. तरी तो मुख्य कर्नेलमध्ये शिरला नाही.

अडचण जीसीसीच्या कामाच्या पद्धतीत आहे. सगळ्या राशी एका मांगरात आणल्या, पण प्रतवारी एकाच टेबलावर केली तर हंगाम संपेल. म्हणून तो काम अनेक टेबलांवर वाटतो. बंद पाकिटे पहिल्याच टेबलावर जातात. पाकिटात जिचे नाव आहे ती रास तिसऱ्या टेबलावर असली, तर पहिल्या टेबलावरचा असेंबलर म्हणतो, ‘असे काही इथे नाही.’ त्याहून वाईट म्हणजे, त्या राशीचा उल्लेख फक्त पाकिटातच असेल, तर प्रतवारी करणारे समजतात की तिला मागणीच नाही, आणि ती फेकून देतात.

क्लीन यांचा उपाय म्हणजे अशा प्रत्येक फंक्शनला हाताने खूण लावायची: ‘हे बाहेरून दिसते, टाकू नको’, ‘याचा क्रम बदलू नको’. अशा काही खुणा कर्नेलमध्ये आल्याही. पण खुणा शेकडो लागतात. शिवाय फाइलपुरते नाव उगाच सार्वजनिक करावे लागते. आणि उद्या कोणी नवी असेंब्ली लिहिली आणि खूण विसरला, तर एलटीओ न वापरणाऱ्याला ते कळणारही नाही. ज्यांना एलटीओ नको, त्यांनीही रोज हा भार वाहायचा. कर्नेलच्या सांभाळकर्त्यांनी नाक मुरडले ते मला समजू शकते.

मुळावरचा इलाज जीसीसीतच करावा लागला. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या १५ व्या आवृत्तीत फाइलीच्या मोकळ्या पातळीवरच्या असेंब्लीलाही, काही मर्यादा घालून, यादी देता येऊ लागली. त्या यादीत दोन नव्या खुणा आल्या. एक सांगते, ‘या पाकिटात अमुक नाव जन्माला येते.’ दुसरी सांगते, ‘या पाकिटात अमुक नाव वापरले आहे.’ पाकीट अजूनही बंदच आहे, पण आत कोणाकोणाची नावे आहेत ते आता बाहेर लिहिता येते. रास टाकली जात नाही, आणि तिचे नाव बदलले तर मजकुरात बदललेले नावच पडते.

हे कर्नेलमध्ये भिनायला वेळ लागेल, कारण कर्नेल जुन्या कंपायलरनेही घडवता आला पाहिजे, असा दंडक आहे. ज्या यंत्रावर जीसीसी ८ आहे, तिथे नवी यादी म्हणजे निव्वळ चूक. म्हणून नवी रीत मॅक्रोच्या, म्हणजे परिस्थितीनुसार मजकूर बदलून देणाऱ्या नावाच्या, आडून आणावी लागेल: कंपायलर नवा असेल तर यादीसह पाकीट, जुना असेल तर पूर्वीसारखे. इनिटकॉलची नोंद अशा मॅक्रोतूनच होते, त्यामुळे तिथे एका जागी बदल केला की सगळीकडे लागू होतो. जिथे कोणी असेंब्ली थेट हाताने लिहिली आहे, त्या जागा मात्र एकेक करून शोधाव्या लागतील, आणि प्रत्येक पाकिटात कोणाचे नाव आहे ते माणसाला वाचून पाहावे लागेल.